एका आडनावाचे शब्द

भास्कर, तू गेलास त्या सकाळी सांत्वनाचा पहिला फोन माझ्या बायकोला आला, आणि तो माझ्याबद्दल होता. कुणा दीडशहाण्याने निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं, ‘आपले लाडके गायकवाड सर यांचे दुःखद निधन.’ नाव नाही, फोटो नाही, नुसती पेटती समई. आपल्या शाळेतून निवृत्त झालेले गायकवाड सर दोन आहेत, त्यातला कुठला गेला हे सांगायची त्या गृहस्थाला गरज वाटली नाही. बायको म्हणाली, “अहो, ते इथं बसून पोहे खातायत.” तर पलीकडचा माणूस चक्क हिरमुसला. म्हणाला, “असं का? मी तर निघालो होतो.”

कोण गेलं ते कळेपर्यंत तुझ्या वाट्याच्या हळहळीवर मीच डल्ला मारत होतो. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा नुसता पूर लोटला होता. एकाने चुकून वाढदिवसाच्या केकचं चित्र टाकलं, ते पुसलं आणि घाईत पुन्हा तेच टाकलं. ही आपली शिक्षक मंडळी. यांच्या वह्या आपण दोघांनी तपासायला हव्या होत्या. तुझं नाव कळलं तेव्हा बशी माझ्या हातातच होती. पोहे तसेच ठेवून उठलो, आणि त्याचाही मला तुझा रागच आला.

तुला ‘तू’ म्हणतोय. स्टाफरूममध्ये आपण एकमेकांना ‘अहो सर’ म्हणायचो आणि फाटकाबाहेर पडलो की ‘अरे’. आपल्याला ओळखण्यासाठी शाळेने सोय केली होती, तू मोठे गायकवाड आणि मी धाकटे गायकवाड. वयाने तू थोडा मोठा होतास, एवढंच. पण तुला ती सोय फार आवडली. नवीन शिक्षक आला की तू माझ्या खांद्यावर हात टाकून सांगायचास, “आमी दोघं भाऊ. हे धाकटे.” तो नवीन माणूस हसून विचारायचा, गाव कुठलं, घर कुठल्या बाजूला. दोन प्रश्नांत त्याला जे कळायचं ते कळायचं. त्यानंतर तो तुला जास्त वाकून नमस्कार करायचा आणि मला थोडा कमी. तुला ते कधी दिसलं नाही, कारण तोवर तू खडू शोधायला गेलेला असायचास.

आपलं आडनाव एक. तुझे गायकवाड गावच्या मधल्या आळीतले, पाटीलकीच्या आठवणी सांगणारे. आमचे गायकवाड ओढ्यापलीकडचे. धर्मांतरानंतर माझ्या आजोबांनी घरातले देव फडक्यात बांधले आणि प्रवरेत सोडून दिले. हे तुला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. तरी तू ‘आमी दोघं भाऊ’ म्हणायचास, आणि ते कुठून यायचं हे मला ठाऊक होतं. ते तुझ्या त्या दळभद्री धड्यातून यायचं.

तो धडा आठवला की अजून डोकं फिरतं. कुठल्याशा प्रशिक्षणात तुला ‘वर्ड फॅमिली’ शिकवली होती. एकाच शेवटाचे छोटे इंग्रजी शब्द एका ओळीत लिहायचे, म्हणजे पोरांना वाचायला सोपे जातात. एवढीच ती साधी युक्ती. प्रशिक्षण देणारा बिचारा जेवणाआधी संपवायच्या घाईत होता. पण तू ‘फॅमिली’ हा शब्द ऐकलास आणि तो शब्दशः खरा धरून बसलास. गावाकडचा माणूस दुसरं काय करणार? आपल्याकडे आडनाव एक असलं की कूळ एक, कुलदैवत एक, सुतक एक. तू तोच कायदा इंग्रजीला लावलास. फळ्यावर डाव्या हाताने एकाखाली एक लिहायचास, बग, मग, जग, रग, हग, टग, प्लग, स्लग आणि तळाला ठग. हग म्हटलं की वर्ग खिंकाळायचा, आणि तूही त्यांच्यात सामील. हसणं ओसरलं की तू सांगायचास, “ह्या सगळ्यांचं आडनाव यूजी. एका बापाची लेकरं. त्यांचा मूळपुरुष एक शब्द हुता, त्याचा अर्थ धरनं.”

आणि सुरू व्हायची तुझी बोलाचीच कढी. चहाचा मग चहा धरतो. पाण्याचा जग पाणी धरतो. रग, म्हणजे जाड पांघरूण, ते ऊब धरतं. हग म्हणजे मिठी, ती माणूस धरते. टग म्हणजे ओढ, ती दोर धरते. प्लग भोक धरतो. बग, म्हणजे ढेकूण, अंथरूण धरतो. स्लग ती बिनशंखाची गोगलगाय, भिंत धरते. “आन ठग?” तू विचारायचास. साठ पोरं एका सुरात ओरडायची, “गळा धरतो!” शेजारच्या वर्गात मी इंग्रजीतले काळ शिकवत असायचो. माझी पोरं माझ्याकडे बघत बसायची आणि कान भिंतीला लावून तुझ्याकडे असायची.

मी पुण्याला गेलो तेव्हा रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत शब्दांची मुळं सांगणारा एक जाडजूड कोश मिळाला. तो खास तुझं तोंड बंद करायला आणला होता. स्टाफरूमच्या टेबलावर तो आपटला, चहाचे पेले उडाले. एकेक शब्द काढून तुला दाखवला. रग आला उत्तरेकडच्या थंड मुलखातून, तिकडे तो खरबरीत, केसाळ कापडाला म्हणत, आपल्या घोंगडीसारखं. प्लग डच लोकांकडून. जग तर बहुधा एका बाईच्या लाडक्या नावावरून, कुणा जोनला घरात लाडाने जग म्हणत, ते भांड्याला चिकटलं असावं. स्लग आधी आळशी माणसाला म्हणायचे, गोगलगायीला ते नाव पुढे मिळालं. बग पूर्वी बागुलबुवासारख्या भीतीदायक वस्तूला म्हणत, पुढचं कुणालाच नक्की माहीत नाही. त्या अख्ख्या ओळीत टग तेवढा जुन्या इंग्रजांच्या घरचा. आणि ठग तर आपला, इथून साहेबाने नेलेला. नऊ शब्द, नऊ वाटांनी आलेले. फळ्यावर शेजारी उभे राहिले, एवढाच त्यांचा संबंध.

तू कोशाकडे बघितलंसुद्धा नाहीस. तंबाखू मळत म्हणालास, “हे पुस्तक गोऱ्यांनीच लिवलंय ना? आपल्या घरातलं सगळं कोन सांगतं व्हय?”

“अहो पण शेवट सारखा असला म्हणून बाप एक होत नाही.”

“नसू दे बाप येक. येका वळीत बसले की भाऊच की.”

“ओळ तुम्ही घातलीत. ताट वाढायचं कुणी?”

तू तळहातावरची तंबाखू पुन्हा मळायला लागलास. समाजशास्त्राच्या बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. नंतर तू म्हणालास, “धाकटे, तुमी लई वाकडं धरता,” आणि उठून वर्गावर गेलास. हे बोलणं तिथे संपलं नाही. आपण निवृत्त होईपर्यंत, आणि नंतर प्रवरेच्या पुलावर फिरायला जाताना, याच एका गोष्टीवर भांडत राहिलो. कधी शब्दांची नावं घेऊन, कधी न घेता. तुझ्यासारख्या अडाण्याशी इतकी वर्षं वाद घालणारा मीच मूर्ख, असं माझी बायको म्हणते. ती फारशी चुकत नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्या पदरात टाकतो, कारण आता तू ती ऐकून फुशारक्या मारू शकणार नाहीस. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, त्यांची पोरं मधूनच वर्गात येऊन बसायची आणि कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, की निघून जायची. त्यांना माझा एकही शब्द आठवत नसायचा. पुढच्या हंगामात तीच पोरं परत आली की तुला बघून लांबूनच ओरडायची, ठग गळा धरतो. तुझं खोटं त्यांच्याबरोबर बीडला जाऊन परत यायचं आणि माझं खरं घंटा झाली की वर्गातच पडून राहायचं. त्या पोरांना मागच्या बाकावर बसवायची आपल्या शाळेत रीत होती. तुझ्या तासाला ती पुढे येऊन बसायची, आणि तू कुणाला काही बोलायचा नाहीस. याबद्दल मी तुझा ऋणी आहे. झालं, बोललो.

आता चहाच्या मगाबद्दल. शब्दाबद्दल नाही, वस्तूबद्दल. हे मी तुला कधी विचारलं नाही.

पहिल्यांदा तुझ्या घरी आलो तो पोळ्याचा दिवस होता. पुरणपोळी झाली, पानं उचलली, आणि चहा आला. सगळ्यांना कपबशी आणि मला मोठा पांढरा मग, कडेला सोनेरी रेघ, अंगावर एक लाल गुलाब. तुझी आई दारातून म्हणाली, “मास्तर लोकांना च्या लई लागतो. म्हनून मोठा दिला.” तू स्वतः मास्तर होतास आणि कपबशीतून पीत होतास. माझ्याकडे बघून म्हणालास, “तुज्यासाठी खास.”

खास! आमच्या ओढ्यापलीकडे हा शब्द तीन पिढ्यांना पाठ आहे. माझ्या आजोबांसाठी नारळाची करवंटी खास होती, बापासाठी कान तुटलेला कप खास होता. माझ्यापर्यंत येता येता त्यावर गुलाब उगवला, एवढी आमची प्रगती. चहा झाल्यावर तुझ्या आईने इतर कपबशा मोरीत टाकल्या आणि माझा मग उचलून वेगळा धुतला आणि खिडकीत ठेवला, मांडणीवर नाही. मी ते पाहिलं. तू पाहिलंस की नाही, ते मला कळलं नाही.

त्यानंतर जेव्हा जेव्हा आलो तेव्हा तोच मग. दिवाळीला, तुझ्या मुलीच्या लग्नात, तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला. खिडकीतून उतरायचा, माझ्या हातात यायचा, पुन्हा खिडकीत चढायचा. तुझी आई वारली, तरी मग तोच राहिला. मी का येत राहिलो म्हणशील, तर वहिनींच्या हातचं पुरण चांगलं असायचं म्हणून, आणि तुझ्या घरात बसून तुझं चुकलंय हे सांगण्यात वेगळी मजा होती म्हणून. आणि अजून एक. मी यायचं बंद केलं असतं तर ‘का’ म्हणून तू कधी विचारलंच नसतंस, आणि ते मला सहन झालं नसतं.

त्या मगावरून एकदा बोलणं अगदी तोंडाशी आलं होतं. पुलावर तू मला विचारलंस, “तुज्या कोशात मगचं मूळ काय दिलंय रं?” मी म्हणालो, नक्की माहीत नाही असं लिहिलंय. तुला फार आनंद झाला. “बघ! म्हंजे माजं खरं असू शकतं!” मी तेव्हाच विचारणार होतो, की मूळ राहू दे, तुझ्या घरच्या मगाचं काय ते सांग. तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या, कर्णा लावून गाणी चाललेली. आपण कठड्याला चिकटून उभे राहिलो आणि तो जाईपर्यंत विषय गेला.

तुझ्या दहाव्याला आलो होतो. घाटावर तुझा हा भलामोठा फ्लेक्स. फोटोत तुझं डोकं एका निळ्या कोटावर बसवलं होतं. तू आयुष्यात कोट घातला नाहीस. उन्हाळ्यात बनियनवर शाळेत यायला मिळालं असतं तर तेच केलं असतंस. खाली लिहिलेलं, ‘शोकाकुल, समस्त गायकवाड परिवार.’ ते वाचून मला हसू आलं. कागदावर मीही त्यात होतो.

भाषणं तर ऐकवत नव्हती. कुणी म्हणाला, चालतंबोलतं विद्यापीठ हरपलं. कुणी म्हणाला, इंग्रजीचे गाढे अभ्यासक. तू आणि गाढा अभ्यासक! एक पुढारी गाड्यांचा ताफा घेऊन उशिरा आला, तुझं नाव फ्लेक्सवर वाचून घेतलं आणि तुझ्या जाण्याने त्याची वैयक्तिक हानी झाल्याचं सांगून लगेच शेजारच्या ओट्यावरच्या दुसऱ्या दहाव्याला गेला. तिथेही त्याची वैयक्तिक हानी झाली. पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला तर सगळे म्हणाले, समाधानी माणूस, काही इच्छा राहिली नाही. घाटावरच्या त्या कावळ्यांना तुझ्या इच्छेचं काय पडलंय? ते सकाळपासून जेवायलाच बसले होते.

आणि तुझा पुतण्या संग्राम. राहुरीत स्पोकन इंग्लिशचा क्लास काढलाय त्याने. इंग्रजी शिका आणि सुप्याच्या कंपनीत नोकरी मिळवा, असं भिंतींवर रंगवलंय. माइक हातात घेऊन तुझा यूजीचा धडा त्याने ‘आमच्या घराण्याची पद्धत’ म्हणून सांगितला. इंग्रजीत एक शब्द आहे, स्मग. तोही यूजीवाला. आधी त्याचा अर्थ होता नीटनेटका, पुढे झाला स्वतःवर खूश असलेला. संग्राम त्या दिवशी दोन्ही अर्थांनी तसा होता.

टॉवेल-टोपीची वेळ झाली. सूत्रसंचालकाने पुकारलं, “गायकवाड भावकीने या बाजूला बसून घ्यावे, सोयऱ्यांकडून टॉवेल-टोपी होईल.” मी बाभळीखाली निवृत्तांच्या घोळक्यात उभा होतो. सूत्रसंचालक आपलाच विद्यार्थी. त्याची नजर माझ्यावर पडली आणि तो माइकवरून ओरडला, “गायकवाड सर, तुम्ही पण या ना! तुम्ही तर धाकटे!” मी मान हलवून नको म्हणतोय तोवर वहिनींचे भाऊ आले, सगळ्यांचे मामा. घोडेगावच्या बाजारात बैलांचा व्यापार करतात ते. भला माणूस, हात कोपरापर्यंत धरतो. “चला सर, तुमचं नाव घेतलंय,” म्हणत त्यांनी मला ओढत नेलं आणि तुझ्या चुलतभावांच्या ओळीत बसवलं. काही बोलायच्या आत माझ्या डोक्यावर पांढरी टोपी आली.

संग्राम मामांच्या कानाशी वाकला. “मामा, ते आपल्यातले न्हाईत.”

हळूच म्हणाला तो. पण सूत्रसंचालकाकडून घेतलेला माइक त्याच्या हातात होता आणि चालू होता. कर्ण्यातून सगळ्या घाटाने ऐकलं. शेजारच्या दहाव्यातही माना वळल्या.

मामांचा टॉवेल धरलेला हात तसाच राहिला. त्यांनी गोंधळून संग्रामकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “पन गायकवाडच हायती ना?”

भास्कर, तुझा सगळा धडा त्या एका प्रश्नात होता. बैलाची जात दातावरून ओळखणारा माणूस, पण त्यानेही शेवट पाहिला आणि मला ओळीत बसवलं. ओळीतल्या तुझ्या भावांनी आपापल्या टोप्या नीट केल्या. गुरुजी दर्भाची अंगठी फिरवत राहिले. मी टोपी काढली, घडी घातली आणि मामांच्या हातावर ठेवली. म्हणालो, “आडनाव येक हाय मामा. भावकी न्हाई.”

झालं. तुझ्याशी उभा जन्म घातलेला वाद मी तुझ्या पिंडासमोर जिंकलो, माइकवरून, शेदोनशे साक्षीदारांसमोर. मला वाटलं होतं जिंकल्यावर बरं वाटेल. मी बाभळीखाली न जाता तसाच रस्त्याला लागलो, आणि रिक्षासुद्धा केली नाही. वाटेत तुला इतक्या शिव्या दिल्या की तेवढ्या तू जिवंत असताना दिल्या नव्हत्या. मधल्या आळीत जन्मलास, तोंडाने जन्मभर भाऊ भाऊ केलंस, आणि ओळीत माझी जागा पक्की करून ठेवायचं तुला एकदाही सुचलं नाही. एकदा, घरातल्या चार माणसांना बसवून सांगितलं असतंस, तर त्या पोराची हिंमत झाली असती का?

परवा वहिनींचा फोन आला. “भावजी, च्याला या. गर्दी गेली आता.” मी ठरवलं होतं की तुझ्या घराची पायरी पुन्हा चढायची नाही. पण वहिनींना नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही, तुलाही जमत नसे.

दुपारची वेळ होती. ओसरीवर कागदी कपांचा एक फाटका गठ्ठा पडला होता. या कागदी कपाने मोठीच क्रांती केली बघ. आता कुणाला कुणाचं भांडं वेगळं ठेवावं लागत नाही, सगळ्यांचंच फेकून देता येतं. मला वाटलं त्यातच चहा येईल. वहिनींनी आत बोलावलं, स्वयंपाकघरात, जिथे मी इतक्या वर्षांत कधी आलो नव्हतो. पाट दिला. आणि तोच मग समोर ठेवला.

मी त्याच्याकडे बघत बसलो. वहिनी स्टोव्हकडे तोंड करून म्हणाल्या, “संग्रामला मी घरात येऊ दिलं न्हाई अजून. घाटावरनं आला तसा म्हनलं, आदी सरांच्या पाया पडून ये.”

“जाऊ द्या, वहिनी.”

“कशाला जाऊ द्या?” त्या वळल्या. मी मगाला हात लावला नव्हता, ते त्यांनी पाहिलं. “घ्या की. धुतलेला हाय. तसा आता रोज धुवायचं काम न्हाई ऱ्हायलं.”

“रोज म्हणजे?”

“म्हंजे ह्यांचा च्या. सकाळचा ह्यातच घ्यायचे ना ते. आत्याबाई उठायच्या आदी. मागल्या दारी बसून.”

मला आधी समजलं नाही. वहिनी सांगत होत्या, चहा गाळता गाळता, दुधाचा भाव सांगावा तशा. पहिल्या पोळ्यानंतर दुसऱ्याच दिवशी तू खिडकीतून मग उतरवलास आणि त्यांना म्हणालास, माझा चहा यात दे. आई उठायच्या आत प्यायचास, विसळायचास, पुन्हा खिडकीत ठेवायचास. आई होती तोवर रोज. आई गेल्यावर लपवायचं काही कारण नव्हतं, तरी तोच, मागल्या दारीच. मरणाच्या दिवशीसुद्धा.

“मला कधी बोलला नाही तो.”

“मी म्हनायची, सांगा की भावजींना. तर म्हनायचे, नगं सांगू. वाद घालील तो.”

मी मग उचलून उजेडात धरला. कान उजव्या हातात धरून माझे ओठ जिथे लागतात तिथली सोनेरी रेघ नव्यासारखी होती. वर्षातून चारदा येणारा माणूस ती काय पुसणार? पलीकडच्या बाजूला, जिथे डाव्या हाताने पिणाऱ्याचे ओठ लागतील, तिथे रेघ उरलीच नव्हती. बोटभर जागा पार पांढरी झाली होती.

वहिनींनी चहा ओतला. मी तो डाव्या हाताने प्यायलो. थोडा सांडला.

आता माझं ऐक. हग या शब्दाबद्दल मी तुला एक गोष्ट पूर्ण सांगितली नव्हती, कारण तू ती तुझ्या बाजूने वळवली असतीस. त्याचंही मूळ पक्कं नाही. पण उत्तरेकडच्या जुन्या भाषेत त्याच्या जवळचा एक शब्द सापडतो आणि त्याचा अर्थ आहे धीर देणं. धरणं नाही. तुझं चुकलंच होतं, आणि उद्या कावळ्याच्या रूपात माझ्या खिडकीत येऊन बसलास तरी मी हेच सांगीन. नऊ शब्दांना एक बाप नव्हता. तुला मला एक बाप नव्हता. तू भित्रा होतास, एका म्हातारीला उजेडी सांगू शकला नाहीस म्हणून पहाटे मागच्या दारी बसून चोरासारखा चहा प्यायलास, आणि त्यालाच मोठं काहीतरी समजत राहिलास. आईला कळलं नाही, भावकीला कळलं नाही, ज्याला कळायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. कुणालाच न दिसणाऱ्या असल्या मोठेपणाची मला कीव येते. आणि परवापासून रोज सकाळी चहा घेताना हात थांबतो, त्याचं काय करायचं तेही तूच सांग.

वाद घालीन म्हणालास. घातलाच असता. कोश घेऊन आलो असतो, तुला नऊ वेळा खोटं पाडलं असतं, आणि चहा गार झाला असता. तेवढ्यासाठी एकदा, भास्कर, फक्त एकदा, सगळ्यांच्या देखत, माझ्यासमोर बसून त्यातून प्यायचा होतास.